पाळकभाऊंची धिंड

आमच्या वस्तीला साहेब हवा होता आणि मिळाले पाळकभाऊ. देश स्वतंत्र झाला, मिशनच्या गोऱ्या साहेबानं सामान बांधलं आणि तो मुंबईला जाऊन बोटीत बसला. मागं राहिली शिरपूरकडच्या आमच्या गावाच्या कडेची ख्रिस्ती वस्ती, एक कौलारू बंगला, प्रार्थनामंदिर, दवाखाना आणि शाळा. त्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवत असे. साहेब कचेरीत शिरला की मामलेदार खुर्चीवरून उठून उभा राहायचा, आणि आमची सगळी इज्जत त्या उठण्यात होती. आता त्याच्या जागी आपलाच देशी पाळक येणार म्हटल्यावर वस्तीचं मागणं एकच होतं. येईल तो असा यावा, की मामलेदारानं निदान अर्धं तरी उठावं.

आले ते शिंदखेड्याकडचे एक बुटके, धोतर नेसलेले, बोलताना डावा डोळा मिटून घेणारे गृहस्थ. संध्याकाळी पंचांनी त्यांना बंगल्याची किल्ली दिली. सकाळी पाहतो तर ते दवाखान्याच्या ओट्यावर पेशंटांच्या रांगेत झोपलेले. विचारलं तर म्हणाले, "बंगलामा आवाज फिरीसन येस. मन्हंच बोलनं माले दोनदा ऐकनं पडस." आठवड्याभरात बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत बाळंतिणींच्या खाटा पडल्या आणि हे औषधांच्या कोठीत राहायला गेले. वस्तीतल्या बायका खूश झाल्या. पुरुषांची तोंडं मात्र उतरली ती बरेच दिवस उतरलेलीच होती.

त्यांना 'पाळकसाहेब' म्हटलेलं चालत नसे. "साहेब बोटमा बठीसन गया. माले भाऊ म्हना," असं सांगत. आमच्या पंचांचे मुख्य होते नाना. त्यांनी साहेबाच्या हाताखाली कारकुनी केलेली. पांढरा कोट, मानेवर घडी केलेला रुमाल, चालणंही थोडं साहेबासारखंच. नानांच्या तोंडातून 'भाऊ' कधी निघालं नाही, आणि 'साहेब' म्हटलं की पाळकभाऊंना ऐकू येत नसे. त्यामुळे वस्तीच्या दोन मोठ्या माणसांचं निम्मं बोलणं एकतर्फी चालायचं. आम्ही पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायचो.

उपासनेत तर कहरच. उपदेश करायला ते वेदीजवळ उभे राहत नसत. मागं, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहत. मग सगळ्या मंडळीला उलटं फिरून बसावं लागे. पुढचा बाक धरण्यासाठी पहाटे येऊन बसलेले नाना एकदम सगळ्यांच्या मागं जात आणि उशिरा आलेल्या, कडेवर पोर घेतलेल्या भिलाच्या बायका पाळकभाऊंच्या अगदी समोर येत. गीत चाललेलं असताना ते तुटलेल्या चपलांचे अंगठे शिवून ठेवत. त्यासाठी खिशात आरी आणि दोरा कायम असायचा. उपदेश सुरू झाला तरी हातातली चप्पल खाली ठेवायचं भान राहत नसे. मोशेनं काठी उगारून समुद्र दुभंगवला ही गोष्ट सांगितली त्या दिवशी त्यांच्या हातात नानांची चप्पल होती, आणि ती त्यांनी चांगली डोक्याच्या वर उगारली होती.

आणि भाषा? अहिराणी. शेतात, बाजारात, भांडणात बोलतो तीच. नानांनी याबद्दल भर सभेत तक्रार केली, की शास्त्र शुद्ध मराठीत आहे, ते शुद्धच सांगावं. पाळकभाऊंनी डावा डोळा मिटला आणि विचारलं, "प्रभूना चेला पेत्र मासा धरे ना नाना? मंग तो घर जाईसन बायकोसंगे मामलेदारना सारखा बोले का?"

खुर्चीची गोष्ट तर सांगायलाच हवी. बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबाची एक लांब हातांची आरामखुर्ची होती. शनिवारी तो तीत बसून वस्तीचे तंटे ऐकायचा आणि निकाल द्यायचा. कुणाची शेळी कुणाच्या वालात शिरली, कुणी कुणाच्या सुनेला काय म्हटलं. साहेब गेल्यावर तंटे तुंबले होते. पाळकभाऊंनी ती खुर्ची उचलली आणि आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आक्काच्या दारात लिंबाखाली नेऊन ठेवली. आक्काचे गुडघे गेलेले होते आणि कानही जवळपास गेलेच होते. "आते खुर्ची आक्कानी शे," म्हणाले. "ज्याले निकाल पाहिजे त्यानी आक्काले सांगा." स्वतः ते खाली मातीत बसून आरी चालवत. तक्रारदार आला की आक्का कानामागं हात धरे. तो सांगे. आक्काला कळत नसे. पाळकभाऊ मान वर न करता म्हणत, "परत सांग भो, तिले ऐकू नही उनं." दुसऱ्यांदा तो ओरडून सांगे. तिसऱ्यांदा, "यानी बकरीनी मन्हा वालना चार पानं खादात!" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोंबलल्यावर त्याला स्वतःलाच काहीतरी वाटायला लागे. बरेच जण तिसऱ्या खेपेला अर्ध्यावरच थांबून घरी जात. साहेबाच्या निकालांनी जेवढी भांडणं मिटली नसतील तेवढी आक्काच्या बहिरेपणानं मिटली. पण नानांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, यात निकाल कुठे आहे?

त्यांना कुणी कशाचं मुख्य करायला निघालं की पाळकभाऊ डोंगराकडे निघून जात. लोकल बोर्डाच्या निवडणुकीच्या वेळी एकदा त्यांना उभं करायला जीप आली. वस्तीची आणि पायथ्याच्या भील पाड्यांची मतं या माणसाच्या शब्दावर पडतील, हे पुढारी लोकांनी बरोबर हेरलं होतं. वस्तीत आनंदीआनंद. बायकांनी दूध तापवलं, नानांनी कोटाला इस्त्री केली. जीपमधली माणसं चहा पिऊन उभी राहिली तेव्हा पाळकभाऊ मागच्या दारानं पाड्यावर पोचलेसुद्धा होते. परत आले ते अर्ज भरायची मुदत टळल्यावर, टोपलीभर मोहाची फुलं घेऊन. मी रागानं विचारलं, "भाऊ, असं का केलंत?" तर म्हणाले, "पाच भाकरीस्मा एवढा लोके जेवनात तधळ त्यासनी प्रभूलेबी राजा कराना बेत करा. तो डोंगरवर निंघी गया. माले दुसरा रस्ता माहीत नही, बाई."

झाडांना राजा हवा होता, ही शास्त्रातली गोष्ट ते फार रंगवून सांगत. शास्त्रात जैतून आणि अंजीर आहेत. पाळकभाऊंच्या गोष्टीत ती आमच्याकडचीच झाडं होत. झाडं आधी केळीकडे गेली. केळ म्हणाली, "मी राजा व्हयीसन हालत बठू, ते मन्हा घड कोन पोसी?" आंबा म्हणाला, माझ्या कैऱ्यांचं काय? कपाशी म्हणाली, मला बोंडं फुटायची आहेत, मला वेळ नाही. शेवटी सगळी बाभळीकडे गेली. बाभळीला काहीच काम नव्हतं. ती लगेच म्हणाली, "या, बठ्ठा मन्हा सावलीमा बठा." इथं पाळकभाऊ थांबत आणि आमच्याकडे बघत राहत. बाभळीखाली कधी बसलेलं नाही असं आमच्यात कुणी नव्हतं, त्यामुळे पुढचं सांगावं लागत नसे.

मला ते आवडायचे का? आवडायचे, पण चीडही यायची. चार माणसांत आपला माणूस ताठ उभा राहावा असं कुणाला वाटत नाही? आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या वाकूनच राहिलेले. साहेबाच्या सावलीत थोडी मान वर झाली होती, ती पुन्हा खाली जाईल ही भीती नानांना होती आणि ती खोटी नव्हती. हे मी पुष्कळ वर्षांनी पाळकभाऊंना बोलूनही दाखवलं. माझं लग्न होऊन मी जळगावला आले होते आणि ते म्हातारपणी जवळच पिंप्राळ्याला भाच्याकडे राहत होते. ओट्यावर बसून शेजारच्या पोरांच्या चपला शिवत होते. म्हणाले, "नाना खरा व्हता. मान वर पाहिजेच. पन एकच मान वर करीसन काय उपयोग, बाई?" मग त्यांनी शमूची चौकशी केली. प्रत्येक वेळी करत.

शमू माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले. आई, मी आणि तो. गावातल्या एका कापसाच्या जिनात तो कामाला होता. सरकी काढलेल्या कापसाचे ढीग लोटायचे, गाठी उचलायच्या. अंगानं दणकट आणि डोक्यानं उथळ. सिनेमाचा तंबू गावाबाहेर लागला की याचा जीव तिकडे. त्या वर्षी होळीच्या आधी, भोंगऱ्याच्या, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजाराच्या दिवशी, त्यानं जिनातून कापसाचं एक गाठोडं धोतरात गुंडाळून बाहेर काढलं. सिनेमाच्या तिकिटासाठी. उपाशी होतो, आई आजारी होती, असं काहीही नव्हतं. चोरी केली ती केली.

फाटकावरच सापडला. पोलिसात दिलं असतं तर बरं झालं असतं. पण बाजाराचा दिवस, डोंगरातून उतरलेली माणसं, ढोल वाजताहेत, सगळ्या गावाला मजा हवी होती. जिनावरच्या लोकांनी त्याचं तोंड काळं केलं, कुंभाराचं गाढव आणलं, त्यावर त्याला उलटा बसवला, गळ्यात सरकीची माळ घातली आणि साऱ्या बाजारातून धिंड काढली. मी शाळेतून धावत गेले तेव्हा धिंड पेठेतून परत फिरली होती. माझ्या वर्गातली पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. शमूची मान अशी खाली होती की मला त्याचा चेहरा दिसलाच नाही.

त्या दिवसापासून तो घरातून बाहेर पडला नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आई ताट ठेवायची, कधी चार घास खायचा, कधी नाही. बोलणं बंद. एक शब्द नाही. परसातल्या विहिरीवर आईनं फळ्या टाकल्या आणि वर जातं ठेवलं. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रोज शाळेत जायचे आणि पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून घराकडे बघत बसायचे.

पाळकभाऊ रोज यायचे. शमूच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून आरी चालवायचे. ना प्रार्थना, ना उपदेश. जाताना फक्त म्हणायचे, "शमू, मी जाऊ का?" आरी खिशात घालायचे. मग "बरं, सकाळ येसू," म्हणून निघायचे.

इकडे पंचांची बैठक बसली. नानांचं मत असं, की वस्तीचं नाव बाजारात गेलं, ते धुऊन काढायचं तर दोन गोष्टी व्हायला हव्यात. शमूला मंडळीतून काढावं. आणि येत्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक अशी निघावी की गावानं बघत राहावं. हा ईस्टरच्या आधीचा रविवार. प्रभू यरुशलेमात गेला त्याची आठवण म्हणून दर वर्षी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन वस्तीला फेरी घालत असू. या वर्षी फेरी बाजारपेठेतून न्यायची, पुढं बँड, आणि पाळकसाहेब लग्नातल्या नवरदेवाच्या पांढऱ्या घोड्यावर.

पहिल्या गोष्टीवर पाळकभाऊ म्हणाले, "सापडना म्हनीसन काढानं, ते मंग न सापडेल लोकेस्नं काय करूत? आधी त्यासनी नावं सांगा."  तो विषय तिथंच राहिला, पण मिटला नाही; बाहेर पडताना नाना म्हणालेच, की ईस्टरनंतर बघू. दुसऱ्या गोष्टीवर पाळकभाऊंनी एवढंच विचारलं, "मिरवनूक शास्त्रमा शे तशीच काढानी ना?" नाना खूश होऊन म्हणाले, अगदी तशीच.

आता इथं आमच्या सगळ्यांचीच मोठी चूक झाली. प्रभू त्या दिवशी कशावर बसून गेला हे आम्हाला लहानपणापासून पाठ. संडेस्कुलात मीच ते पोरांना शिकवत असे. पण शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात ते जनावर इतकं उंच, पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत होतं, की ते गाढव आहे असं कधी कुणाच्या मनातच आलं नाही. गाढव म्हणजे कुंभाराचं, माती वाहणारं, आणि ज्यावरून चोराची धिंड निघते ते. ते शास्त्रात कसं असेल?

रविवारी सकाळी प्रार्थनामंदिराच्या फाटकाशी सारी वस्ती धुतलेले कपडे घालून उभी. नवरदेवाचा घोडा मान हलवत होता, बँडवाल्यांनी पिपाण्या तोंडाला लावल्या होत्या. आणि कुंभारवाड्याकडून पाळकभाऊ आले. कुंभाराच्या गाढवावर. तेच, एक कान फाटलेलं. पाय जमिनीला घासत होते, दोन्ही हातांनी गाढवाचे कान घट्ट धरलेले, आणि दर चार पावलांनी ते घसरून मानेवर येत होते.

बँडवाल्यांनी पिपाण्या खाली घेतल्या. नाना आपली शुद्ध मराठी विसरले. "घोडा उभा शे, बँड उभा शे, आनि तुम्ही कुंभारना गधडावर? आपली र्‍हायेल इज्जतबी गई!" पाळकभाऊ म्हणाले, "शास्त्रमा घोडा कोठे शे, दाखाडा."  नाना घोड्याचा लगाम धरून तिथंच उभे राहिले आणि बहुतेक पुरुष त्यांच्याजवळ. पाळकभाऊंच्या मागं निघालो ते माझी शाळेतली पोरं, भिलाच्या बायका, दोन बाळंतिणी आणि मी. मला रडू येत होतं. पाळकभाऊंचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता. आमच्या घरावर जी काळी सावली पडली होती तीच हे पुन्हा गावाला दाखवायला निघाले होते.

बाजाराकडचा रस्ता आमच्या दारावरून जातो. दारासमोर आल्यावर गाढव थांबलं. पोरांनी ढकललं, हलेना. पाळकभाऊ पुन्हा मानेवर घसरले, कसेबसे सावरले, आणि त्यांनी आमच्या बंद दाराकडे तोंड करून हाक मारली.

"शमू! तू यावर बठेल शे. माले जमत नही. सांग ना भो, पाय कोठे ठेवू?"

आईनं दोन्ही हात तोंडावर नेले.  असं कुणी विचारतं? ज्या गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही म्हणून आम्ही भांडंसुद्धा आवाज न करता ठेवत होतो, ती या माणसानं भर रस्त्यात, गाढवावर बसून, दुकानाचा पत्ता विचारावा इतक्या साधेपणानं विचारली होती. मला वाटलं, आता संपलं. तो आता कधीच बाहेर येणार नाही. मागं फाटकाशी उभे असलेले पुरुषही चार पावलं पुढं आले होते.  पाळकभाऊ वाट बघत बसले. घाम त्यांच्या नाकावरून टपटपत होता.

मग आतून आवाज आला. घोगरा, गंज चढलेला.

"मांगे सरका."

पाळकभाऊ थोडे सरकले.

"आखो मांगे. पुठ्ठावर बठा. पाय आवळू नका, लोंबू द्या." आणि थोडं थांबून, चिडून, "आनि त्याना कान सोडा! कान धरा का तो चालत नही."

"असं?"

"असं नही, भाऊ!" आणि दार उघडलं. शमू उंबऱ्यावर उभा होता. दाढी वाढलेली, उन्हानं डोळे बारीक झालेले. तो सरळ पुढं आला, पाळकभाऊंना कमरेला धरून त्यानं नीट मागं बसवलं, गाढवाच्या फाटक्या कानाजवळ खाजवलं आणि दोरी हातात घेतली. आई रस्त्यातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिला उठवलं नाही, कारण मलाही काही दिसत नव्हतं.

बाजारपेठेत शिरलो तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी राहिली. पोरं शिट्ट्या घालायला लागली. मागं वळून पाहिलं तर फाटकाशी थांबलेले पुरुष एक-एक करत येऊन मिळाले होते. सगळ्यात शेवटी नाना होते, घोडा सोडून, कोटाची बटणं लावत, चपला वाजवत. एका दुकानदारानं ओरडून विचारलं, "कोनी धिंड शे हो?"

"मन्ही," पाळकभाऊ म्हणाले. "पन कोनी काढी नही. मीच काढी."

"काय चोरी करी भाऊ तुम्ही?" त्यानं विचारलं, आणि लोक हसले. तेवढ्यात त्या दुकानदाराचं लक्ष दोरी धरणाऱ्याकडे गेलं. तो फळीवरून खाली उतरला. "अरे, हाऊ तर तोच शे! जिनवालाना चोर!"

हसणं थांबलं. शमूचा हात दोरीवर थबकला, मान खाली जायला लागली.  पाळकभाऊ गाढवाच्या पुठ्ठ्यावर नीट बसलेले होते, पाय सैल सोडलेले. डावा डोळा मिटून ते म्हणाले, "हा, तोच शे. म्हनीसन तो पुढे शे. त्याले रस्ता माहीत शे."

शमूनं मान वर केली आणि दोरी ओढली. गाढव चाललं. आम्ही सगळे, नानांसकट, झावळ्या हातात घेऊन त्याच्या मागून बाजारातून गेलो.